मूळ प्रत माझ्या ताब्यात आहे

चहा येऊ द्या आधी. म्हणजे मला हसायला लागलात की कपाच्या आड तोंड लपवता येईल.

मी सांगणार आहे तो घोटाळा धांदरटपणाचा नाही. व्यवस्थित, नियमानुसार, दोन्ही हातांनी केलेला आहे. अव्यवस्थित माणसाच्या हातून असं होऊच शकत नाही. त्याचं सगळंच चार ठिकाणी पसरलेलं असतं, म्हणून वाचतो लेकाचा!

एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी सगळी नोकरी गेली. तिथं मी एवढंच शिकलो की मूळ कागद एकच असतो, तो एकाच जागी असतो आणि ती जागा फक्त कारकुनाला माहीत असते. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण माझ्या फडताळातला कागद जागचा हलला नाही. कोणाला तातडीनं हवा असला तरी हलला नाही.

निवृत्त होऊन केडगावच्या घरी बसलो, तर सांभाळायला रेकॉर्डच नाही! मुलगी केतकी लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात मी आणि सुमन, म्हणजे आमची मंडळी. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावून पाहिल्या. सुमननं चिठ्ठ्यांना हात लावला नाही. फक्त आतला माल बदलला. 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यात साखर निघाली तेव्हा मी समजायचं ते समजलो.

आता यात बाळू कुठून आला ते सांगतो. बाळू हा सुमनचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. शेवगावला त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि ऐकणारे जास्त, कारण बाळूला माणसांच्या नकला करायचा नाद. तलाठी, डॉक्टर, गावचे पुढारी, कोणाला सोडत नसे. माझी मात्र कधी करायचा नाही. मी वयानं मोठा, नात्यानं मोठा, आपला आब राखतो बिचारा, असं मला वाटे.

तो आब राखत नव्हता. वेळ बघत होता.

ती वेळ म्हणजे केतकीची हळद. मांडव पाहुण्यांनी भरलेला. हा गडी उठला, माझा चष्मा माझ्याच नाकावरून काढून स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बसवला, कानावर पेन ठेवलं, जेवणाचं ताट फाईलसारखं पुढ्यात धरलं आणि सुरू झाला. कोणाच्या तरी घराला आग लागली आहे, तो माणूस धावत दाजींकडे, म्हणजे माझ्याकडे, येतो, असा तो प्रकार. दोन्ही आवाज बाळूचेच.

"कोन हाय तिकडं? अर्ज आनलाय का?"

"दाजी, आग लागलीया, आग!"

"ते दिसतंय मला. धूर माझ्याच नाकात चाललाय. पर आग कुनाच्या नावावर हाय? सातबारा बघावा लागंल."

"अवो, बादलीभर पानी तरी द्या!"

"मिळंल की. बादलीचा अर्ज येगळा, पान्याचा येगळा. आन् जळाल्याचा दाखला पायजे आसंल तर उद्या ये. आज लई गर्दी हाय."

लोक लोळले हो! सुमनच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मांडववाल्यानं हातातला दोर सोडला. मी बिनचष्म्याचा, समोरचं सगळं धूसर बघत, हसल्याचा आव आणून बसलो होतो. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तासाभरात तो साऱ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर पोचला.

घरी आल्यावर मी सुमनला म्हणालो, "या व्हिडिओचा एकदा निकाल लावला पाहिजे."

हे वाक्य लक्षात ठेवा. सुमननं ठेवलं होतं.

पुढच्याच वर्षी बाळू गेला. दुकानात, बसल्या जागी. कोणाची तरी नक्कल करून दाखवत होता म्हणे, आणि मधेच थांबला. समोरच्यांना वाटलं, हाही नकलेतलाच भाग.

तेराव्याला आम्ही सगळे शेवगावला जमलो. जेवणं उरकल्यावर जो तो मोबाईल काढून बाळूचे फोटो दाखवू लागला. बाळूच्या बायकोनं, मंगलनं, तो हळदीचा व्हिडिओ लावला. आधी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग एकजण फिसकन हसला आणि मग रडता रडता सगळेच हसले. मीसुद्धा.

आणि नेमका त्याच वेळी माझ्यातला कारकून जागा झाला. इतकं मोलाचं रेकॉर्ड, आणि ते असं दहा जणांच्या खिशात पडलेलं! कोणाचा फोन पाण्यात पडेल, कोणाचा एसटीत राहील!

मी उभा राहून म्हणालो, "बाळूचं जे काही असेल ते माझ्याकडे जमा करा. मी हार्डडिस्कवर नीट लावून ठेवतो."

हार्डडिस्क केतकीनं मला निवृत्तीच्या दिवशी भेट दिली होती. खिशात मावेल एवढी डबी, पण रेकॉर्ड रूमभर माल पोटात घेणारी. पुण्याहून आलेल्या केतकीसकट सगळ्यांनी पटापट फोन आणून दिले. मंगल तर म्हणाली, "दाजी, तुमी हाय म्हनून बरंय. तुमच्याकडं गेलेला कागद हरवत न्हाई, आसं हे पन म्हनायचे."

बाळू पुढं 'पर सापडत बी न्हाई' असंही म्हणायचा. ते तिनं त्या दिवशी गाळलं.

आता खरी मेख ऐका. कॉम्प्युटरमध्ये 'कॉपी' असते आणि 'कट' असतं. कॉपी केलं की वस्तू इथंही राहते, तिथंही जाते. कट केलं की इथून उठते आणि तिथं जाऊन बसते. कोणताही शहाणा माणूस काय करील? मी काय केलं असेल?

एका दस्तऐवजाच्या दहा मूळ प्रती म्हणजे अनागोंदी! मी प्रत्येक फोन माझ्या लॅपटॉपला लावला, त्यातला बाळू कट केला आणि हार्डडिस्कवर नेऊन बसवला. वर फोनवाल्याला सांगितलं, "बघा, जागा कशी मोकळी झाली!"

लोक दुवा देत होते मला. कल्पना करा!

घरी येऊन मी हार्डडिस्कला लाल कापडाचं दप्तर शिवून घेतलं. आत एक डांबरगोळी टाकली. डांबरगोळीनं हार्डडिस्कची कीड मरते की नाही ते मला माहीत नाही, पण टाकल्याशिवाय करमेना. कपाटात मधला खण दिला आणि नियम केला: बघायचं असेल तर रविवारी सकाळी, माझ्या समक्ष.

सुमन दर रविवारी अंघोळ उरकून टीव्हीसमोर येऊन बसे. मी दप्तर सोडायचो, डिस्क टीव्हीला जोडायचो आणि माझा मेहुणा माझ्याच घरात माझी अब्रू काढायचा. सुमन हसायची. मग पदर डोळ्यांना लावायची. मग म्हणायची, "परत लावा." मी गंभीर चेहऱ्यानं परत लावायचो.

मधे एकदा मंगलचा फोन आला.

"दाजी, त्यो यांचा व्हिडिओ मोबाईलवर धाडा की. कदीमदी बघूशी वाटतो."

"मंगल," मी म्हणालो, "मूळ दस्तऐवज असा बाहेर जात नसतो. तू ये कधीही, समक्ष दाखवतो."

"व्हय दाजी," एवढंच म्हणाली.

दुकान एकटीनं चालवणारी बाई, नवऱ्याला दोन मिनिटं बघायला शेवगावहून केडगावला येणार! आणि फोन ठेवल्यावर मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. आपण अजून कर्तव्यकठोर आहोत म्हणून.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे हत्यारं म्हणजे विळी, स्कूटरची किल्ली, सुमनचं शिलाई मशीन. यंदा मी चौरंगावर हार्डडिस्क मांडली.

सुमन म्हणाली, "अहो, ती कशाला? उचला ती तिथून."

"वर्षभर राबते ती. तिचा मान आहे."

"राबते कुठं? रविवारची तेवढी उठते, तुमच्यासारखी."

मी दुर्लक्ष केलं. उलट विचार केला, बंद पडलेल्या हत्याराची पूजा कसली? लॅपटॉप आणून जोडला. दिवा लुकलुकायला लागला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. नारळ मी एरवी पायरीवर फोडतो. त्या दिवशी बाहेर कोण जाणार म्हणून पाटा चौरंगाला टेकवून ठेवला आणि त्याच्यावरच हाणला. देवासमोर जोर जरा जास्तच लागला. चौरंग हादरला, हार्डडिस्क टुणकन उडाली आणि नारळपाण्याचे शिंतोडे अंगावर घेऊन पुन्हा जागेवर बसली. मला वाटलं, देवानं उचलून आशीर्वाद दिला.

लगेच आवाज सुरू झाला. टक्… टक्… टक्…

"अहो, ही आवाज का करतेय?"

"काम करतेय," मी म्हणालो. "आमच्या कचेरीतला पंखा असाच वाजायचा. मी निवृत्त झालो, तो अजून चालू आहे."

आणि मी ती तशीच चालू ठेवली. आवाज बसेल म्हणून. दिवसभर टकटकली. दुसऱ्या दिवशीही टकटकली. तिसऱ्या दिवशी गप्प झाली, तेव्हा मी सुमनला म्हणालो, "बघ, बसला की नाही?"

रविवारी जोडली तर आत काहीच नाही. पुन्हा टकटक, आणि पडद्यावर एक प्रश्न: ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मी 'नाही' दाबलं. विचार करून नव्हे. समोरून काहीही विचारणा आली की आधी 'नाही' म्हणायची नोकरीतली सवय. एवढीच एक सवय कामी आली.

सुमनला काय सांगायचं? बाळूचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. मंगलनं निरोप धाडला होता की दाजींना म्हणावं तो व्हिडिओ घेऊन या, सगळ्यांना बघायचाय. मी म्हणालो, "टीव्हीच्या वायरीत बिघाड आहे." पुढच्या रविवारी म्हणालो, "दप्तराची वार्षिक तपासणी चालू आहे." ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

माझे एक सहकारी आहेत, कदम. निवृत्तीनंतर ते मोबाईलवर व्हिडिओ बघून सर्व विषयांतले जाणकार झाले आहेत. त्यांना विचारलं.

"फ्रीजरमध्ये ठेवा," कदम म्हणाले. "गारठली की आतले भाग आकसतात अन् मोकळे होतात. मी स्वतः बघितलंय."

"स्वतः करून?"

"स्वतः व्हिडिओ बघितलाय म्हणतोय मी!"

मी हार्डडिस्क दप्तरासकट स्टीलच्या डब्यात घातली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. डबा निवडताना मात्र चुकलो. तो ओल्या खोबऱ्याचा डबा होता. दुसऱ्या दिवशी सुमनला आमटीला खोबरं लागलं.

स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो… इकडं या जरा."

बर्फ धरलेलं लाल दप्तर ओट्यावर ठेवलेलं.

"ही इथं काय करतेय?"

"तापली होती," मी म्हणालो.

"बाळू आहे ना आत?"

मी दप्तरावरचा बर्फ खरवडू लागलो.

"अहो, मी काय विचारतेय? बाळू आहे ना?"

"आहे. म्हणजे… असावा. सध्या तो… उपलब्ध होत नाहीये."

तिनं मोबाईल घेतला आणि मंगलला फोन लावला. स्पीकरवर. "मंगल, तुझ्याकडं असेल ना गं आपला तो हळदीचा व्हिडिओ?"

"माझ्याकडं कुटला, वन्सं? दाजींनीच काडून घेतला की तेराव्याला. समद्यांचाच घेतला. मी मागनं मागितला हुता, तर म्हनले, बाहेर जात नसतो."

सुमननं फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही मंगलला नाही म्हणालात?"

मी नियम सांगायला लागलो, पण तिनं तो पुरा होऊ दिला नाही.

"लावलात शेवटी निकाल," ती म्हणाली. "तुम्हाला पहिल्यापासून तो सलत होता. म्हणून सगळ्यांकडून गोळा केलात, म्हणून नारळ हाणलात, आणि आता खोबऱ्याच्या डब्यात घातलात!"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? पुरावा सगळा माझ्या विरुद्ध. मी स्वतः फाईल तपासली असती तर मीही मला दोषीच ठरवलं असतं. मी म्हणत होतो, "अगं, जाणूनबुजून नाही गं!" आणि ती म्हणत होती, "तुमच्या हातून अजाणता कधी काही झालंय?" नोकरीभर कमावलेली प्रतिष्ठा अशी अंगावर आली.

त्याच दिवशी आम्ही दोघं स्कूटरवरून नगरात गेलो. चितळे रोडच्या एका गल्लीत तबस्सुम मॅडमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी त्या क्लास घ्यायच्या, त्यामुळे गिऱ्हाइकालाही विद्यार्थ्यासारखंच उभं ठेवतात. त्यांनी दप्तर सोडलं आणि नाक मुरडलं.

"काका, हिला डांबरगोळीचा वास का येतोय?"

मी कारण सांगितलं.

"आणि पिनेत हे पिवळं?"

"हळद."

"लाल?"

"कुंकू."

"ओली कशानं झाली?"

"नारळपाणी असेल… किंवा फ्रीजर."

मॅडमनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. सुमनकडे वळून म्हणाल्या, "काकू, लग्न लावलं का हिचं?"

सुमन हसली नाही. म्हणाली, "माझा भाऊ आहे त्यात."

मग मॅडमही हसल्या नाहीत. "दुसरी कॉपी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. माझं तत्त्व त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, पण सुमननं नुसतं बघितलं आणि मी ते मिटलं.

"ठोका बसल्यावर लगेच बंद करून आणली असती तर बहुतेक सगळं निघालं असतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही टकटकत असताना चालू ठेवली, वरून गोठवली. आता ती जेवढं देईल तेवढं हळूहळू उतरवून घेते. शब्द देत नाही."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. बरंचसं निघालं होतं, फक्त फायलींची नावं पुसली गेली होती. नुसते आकडे. मी कोणत्या खणात काय लावलं होतं, कशाचा पत्ता नाही. दोघं दुकानात बसून एकेक उघडू लागलो. पहिलं निघालं आमचं लाईटबिल. मग पाणीपट्टी. मग रेशनकार्ड, दोन्ही बाजू. मग एक मोठा व्हिडिओ सुरू झाला. माझा निरोप समारंभ. त्यात माझं भाषण, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक अक्षर गळालं नव्हतं.

"हे बरं टिकलं," सुमन म्हणाली.

बाळू सगळ्यात शेवटी सापडला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, कानावर पेन गेलं, ताट पुढ्यात आलं. "कोन हाय तिकडं? अर्ज आन…" आणि चित्र थिजलं. पुढं काही नाही. मॅडमनी पुन्हा लावलं. "अर्ज आन…" पुन्हा. "अर्ज आन…"

सुमन म्हणाली, "राहू द्या. आहे तेवढं द्या. आणि यांच्याकडं नको, माझ्या मोबाईलवर द्या."

दुसऱ्या दिवशी शेवगावला जेवणं झाली, मंडळी बैठकीत जमली. सुमननं टीव्हीवर लावलं. बाळू आला, माणसं पुढं सरकली, "अर्ज आन…" आणि थिजला. सगळे वाट बघत राहिले. वाटलं, येईल पुढं.

मंगलनं हळूच विचारलं, "दाजी, पुडचं?"

"पुढचं नाही, मंगल," मी म्हणालो. "माझ्यामुळं गेलं."

मंडळी टीव्ही सोडून माझ्याकडे बघू लागली. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मग मंगलच म्हणाली, "गेलं तर गेलं. पर तुमाला पाठ आसंल की. तुमी तर दर आयतवारी बगत हुता."

पाठ? रागानं पाठ झालेलं माणूस कधी विसरतो का? मी उठलो. चष्मा शेंड्यावर ओढला, कानावर पेन ठेवलं, मंगलच्या मांडणीवरचं ताट घेतलं. आणि बाळू जसा माझी नक्कल करायचा, तशी मी माझी नक्कल करू लागलो. "अर्ज आनलाय का?… दाजी, आग लागलीया!… बादलीचा अर्ज येगळा…"

"न्हाई न्हाई," मंगल म्हणाली, "आदी धूर. मग सातबारा. मग बादली."

"आन् धूर म्हनताना ते नाक आसं करायचे," मागून कोणीतरी.

"पेन डाव्या कानावर," तिसरा.

साऱ्या बैठकीला पाठ होतं! रेकॉर्ड फक्त माझ्या ताब्यात आहे असं समजणारा त्या खोलीत एकटा मीच होतो. मी चुकत गेलो, ते दुरुस्त करत गेले. जळाल्याच्या दाखल्यापर्यंत कसाबसा पोचलो, घामानं डबडबलेला. हसलं कोणीच नाही. मी सुमनकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांचा कोपरा हलत होता. त्या व्हिडिओच्या भानगडीनंतर पहिल्यांदाच.

"अहो," ती म्हणाली, "बाळूला तुम्ही किती छान जमायचात! एवढा जन्म तुम्ही तुम्हीच आहात, तरी तुम्हाला काही तुम्ही जमत नाही."

आणि मग हसली. मग मंगल हसली. मग बैठक लोळली.

मंगलच्या हातात मोबाईल होता. तिनं सगळं टिपलं होतं. मी सवयीनं हात पुढे केला. "दे इकडं, नीट लावून ठेवतो."

"तुमी बसा, दाजी," ती म्हणाली आणि तिथल्या तिथं तो सगळ्यांना पाठवून टाकला.

तेव्हापासून माझी ती फजिती आमच्या प्रत्येक नातेवाइकाच्या मोबाईलवर आहे. पुण्याला आहे, शेवगावला आहे, कदमांकडेसुद्धा पोचली आहे. एका मूळ प्रतीच्या किती प्रती झाल्या, कोणी मोजलेल्या नाहीत. मीही एक प्रत मागितली. मला कोणी द्यायला तयार नाही.